पुढे सरकणारा पायथा

पाटणा समुद्रसपाटीपासून जेमतेम पन्नासेक मीटर उंचीवर वसलं आहे आणि बंगालचा उपसागर तिथून चारशे किलोमीटरहून अधिक लांब आहे. दिल्लीहून बिहारकडे जाणाऱ्या गाडीत दिवसभर खिडकीशी बसलं तरी नजर अडेल अशी एक टेकडी लागत नाही. भूगोलाच्या पुस्तकांत हिमालयाचं वर्णन पानंच्या पानं चालतं आणि गंगेच्या मैदानाची बोळवण ‘सुपीक गाळाचा सपाट प्रदेश’ एवढ्या चार शब्दांत होते. भूवैज्ञानिकांना मात्र हे मैदान हिमालयाइतकंच नवलाचं वाटतं. तो काठोकाठ भरलेला एक प्रचंड खड्डा आहे.

झाशीचा किल्ला ज्या ग्रॅनाइटवर उभा आहे, तो बुंदेलखंडचा खडक अब्जावधी वर्षं जुना आहे. झाशीला तो उघडा दिसतो. उत्तरेकडे निघालं की तो गाळाखाली जातो आणि हिमालयाकडे कलत राहतो. सुरुवातीला गाळाचा थर काही मीटरचा, मग शेकडो मीटरचा. शिवालिकच्या पायथ्याशी पोचेपर्यंत हा थर पाच-सहा किलोमीटर जाड झालेला असतो. तेलाच्या शोधासाठी झालेल्या सर्वेक्षणांतून आणि खोल विहिरींतून हे चित्र स्पष्ट झालं. म्हणजे हा तळ जिथं सगळ्यात उंच पर्वत सुरू होतो, तिथंच सगळ्यात खोल गेलेला आहे. हा योगायोग नाही, याचा पहिला सुगावा लागला तो एका ओळंब्यामुळं.

एकोणिसाव्या शतकात भारताची त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अक्षांशांचं अंतर दोन रीतींनी काढलं गेलं: एकदा जमिनीवर त्रिकोण आखून आणि एकदा ताऱ्यांचे वेध घेऊन. दोन्ही उत्तरांत ५.२३६ सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरचा फरक आला. जॉर्ज एव्हरेस्टच्या शिस्तीत तयार झालेल्या मोजणीत एवढी तफावत खपण्यासारखी नव्हती. कोलकात्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट हे धर्मोपदेशक होते आणि गणितीही. त्यांनी हिमालयाकडे बोट दाखवलं. ताऱ्यांचे वेध घेताना उभी रेषा ओळंब्यावरून ठरते आणि पर्वताचं प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे खेचणार. प्रॅटनी हिमालयाचं वस्तुमान अंदाजानं मांडून हिशेब केला, तेव्हा फरक १५.८८५ सेकंदांचा यायला हवा होता. प्रत्यक्षात तो एक तृतीयांशच होता. पर्वत जेवढा दिसतो, तेवढ्या जोरानं खेचत नव्हता.

ही १८५५ सालची गोष्ट. लगोलग खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवलं: पर्वताखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असलं पाहिजे, कवचाखालच्या जड प्रावरणात बुडालेलं. वरचं जास्तीचं वस्तुमान खालच्या हलकेपणानं भरून निघतं. पुढं भूकंपलहरींनी या तर्काला दुजोरा दिला. जगभरात खंडीय कवच साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड असतं, तिबेटखाली ते सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे.

मात्र एअरींच्या चित्रात एका गोष्टीची भर घालावी लागली. पृथ्वीचा वरचा कठीण थर ताठ असतो. त्याच्या एका कडेवर ओझं ठेवलं, तर फक्त ओझ्याखालचा भाग बसत नाही, शेजारचाही वाकतो. भारतीय भूपट्टाच्या उत्तर कडेवर हिमालयाचं ओझं आहे, म्हणून त्याच्या पुढचा भाग शे-दोनशे किलोमीटरपर्यंत खाली वाकला आणि लांबलचक द्रोणी तयार झाली. पंजाबपासून आसामपर्यंत पसरलेलं मैदान म्हणजे ही द्रोणी. पर्वतानं खड्डा पाडला आणि पर्वताच्याच झिजेनं तो भरला.

आता ओझं आलं कुठून, ते पाहू.

६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्ह्याचे थर साचत होते, तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त स्थानाजवळ होता आणि झपाट्यानं उत्तरेकडे निघाला होता. त्या काळातला त्याचा वेग वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या घरात गेला होता. भूपट्टांच्या हिशेबानं ही धावच. पुढं टेथिस समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली शिरत गेला, समुद्र आटत गेला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी दोन्ही खंड एकमेकांना भिडले. धडकेनंतर वेग वर्षाला पाच सेंटिमीटरच्या आसपास उतरला, पण थांबला मात्र नाही.

टेथिसच्या खुणा मराठी घरांत देवघरात बसलेल्या आहेत. नेपाळात मुक्तिनाथच्या परिसरात काली गंडकीच्या पात्रात मिळणारा शाळिग्राम म्हणजे ज्युरासिक काळातल्या अॅमोनाइट या सागरी प्राण्याचा जीवाश्म. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक त्याहूनही जुना, पंचेचाळीस कोटी वर्षांच्या पुढचा. त्यात ट्रायलोबाइटसारख्या समुद्रजीवांचे तुकडे आहेत.

खंड भिडल्यावर खडकांचं काय होतं? खोलवर, उष्णतेत, ते लवतात आणि त्यांना वळ्या पडतात. वरच्या थंड भागात ते तुटतात आणि तुटलेल्या पृष्ठावरून सरकतात. यालाच प्रस्तरभंग म्हणतात. कवच ताणलं गेलं, तर भंगाच्या एका बाजूचा भाग खाली खचतो. दाबलं गेलं, तर एक बाजू दुसरीवर चढते. दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या, तर उंची फारशी बदलत नाही, पण नद्या आणि टेकड्यांच्या रांगा मात्र तुटून बाजूला गेलेल्या दिसतात. हिमालयाचं मुख्य काम दुसऱ्या प्रकारच्या भंगांनी केलं. त्यांचा उतार बराच सौम्य असतो, त्यामुळं वरचा खडक थोडा उंच चढतो आणि खूप लांब सरकतो.

भूवैज्ञानिक हिमालयातल्या तीन मोठ्या भंगांना इंग्रजी नावांनीच ओळखतात. उत्तरेकडून पहिला मेन सेंट्रल थ्रस्ट. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी तो जोरात होता. त्याच्यावरून खोलातले भाजलेले, रूपांतरित खडक वर आले आणि आजची मोठी शिखरं त्यांच्यातूनच घडली. जोशीमठ या पट्ट्याच्या लगत आहे. (२०२३ च्या जानेवारीत तिथल्या घरांना तडे गेले, तेव्हा या भंगाचं नाव बरंच घेतलं गेलं. पण ते गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं आहे, हे कारण जास्त जवळचं होतं.) दुसरा मेन बाउंड्री थ्रस्ट, साधारण एक कोटी वर्षांपूर्वीचा. तिसरा मेन फ्रंटल थ्रस्ट, गेल्या वीसेक लाख वर्षांतला. तो थेट मैदानाच्या काठावर आहे.

तारखांचा क्रम पाहिला, तर प्रत्येक नवा भंग आधीच्याच्या दक्षिणेला आहे. पर्वताचा पायथा थांबून थांबून पुढं सरकत आला आहे. खळ्यात फावड्यानं ज्वारी लोटताना काय होतं ते शेतकऱ्यांना ठाऊक आहे. रास एका मर्यादेपर्यंत उंच होते, मग तिचा उतार आणखी चढा होत नाही. पुढचे दाणे राशीत ओढले जातात आणि रास पुढं पसरते. १९८३ साली डेव्हिस, सपी आणि डॅलन या तिघांनी पर्वतरांगांसाठी नेमकं हेच गणित मांडलं. पाचरीसारखा आकार घेतलेला हा खडकांचा ढीग ठरावीक उताराच्या पुढं गेला की जुना भंग थंडावतो आणि पुढच्या जमिनीत नवा फुटतो. हे सगळे भंग खोलात एकाच सौम्य उताराच्या पृष्ठाला जाऊन मिळतात. त्याला मेन हिमालयन थ्रस्ट म्हणतात. हिमालय म्हणून आपण जे पाहतो ते या पृष्ठावर बसलेलं आहे आणि त्याखालून भारत उत्तरेकडे सरकतो आहे.

हे चित्र घरी बसून काढलेलं नाही. आर्नोल्ड हाइम आणि आउगुस्ट गान्सर हे स्विस भूवैज्ञानिक १९३६ साली मध्य हिमालयात फिरले. तिबेटमध्ये परकीयांना बंदी होती, म्हणून गान्सर यात्रेकरूच्या वेशात कैलासाकडे गेले. कैलासाच्या दक्षिणेला त्यांना समुद्रतळाचे काळपट खडक सापडले. टेथिस जिथं मिटला त्या शिवणीचा तो पुरावा होता. परिक्रमेचं पुण्यही पदरात पडलं असणार, म्हणायला हरकत नाही.

पायथा पुढं सरकतो म्हणजे नेमकं काय, हे सहारनपूरहून डेहराडूनला जाणाऱ्या रस्त्यावर दोनेक तासांत समजतं. मोहंडपाशी मैदान संपतं आणि शिवालिकच्या टेकड्या एकदम उभ्या राहतात. इथं फ्रंटल थ्रस्ट आहे. रस्त्याकडेच्या कापलेल्या कड्यांत पाहिलं तर वाळूचे थर आणि नदीतल्या गोल गोट्यांचे जाड थर दिसतात, तिरपे झालेले. असलेच गोटे हिमालयातल्या नद्या आजही पायथ्याशी आणून टाकतात. शिवालिक हे गंगेच्या मैदानासारखंच एक जुनं मैदान होतं. पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीपासून ते भरत गेलं आणि नंतर भंगावरून उचललं गेलं. खड्डा भरला, आणि ज्या पर्वतानं तो पाडला होता त्यानंच तो गिळला.

त्या जुन्या मैदानावर कोण राहत होतं, हेही कळलं आहे. १८३० च्या दशकात ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांनी शिवालिकमधून हाडांचे ढीग गोळा केले. त्यांत हत्तींचे अनेक प्रकार, पाणघोडे, अवाढव्य कासव आणि जिराफाच्या कुळातला, फांद्यांसारखी शिंगं असलेला एक प्राणी होता. शिवाचं नाव घेऊन त्यांनी त्याला शिवाथेरियम म्हटलं. या कामासाठी १८३७ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीनं दोघांना वोलॅस्टन पदक दिलं. कॉटली खरा ओळखला जातो तो गंगेच्या कालव्यासाठी, म्हणजे तोही आजच्या मैदानात पाणी खेळवणारा माणूस. हिमाचलमधल्या साकेतीला आता या जीवाश्मांचं उद्यान आहे.

शिवालिक ओलांडलं की डेहराडूनचं खोरं लागतं आणि पलीकडे मसुरीचा घाट उभा ठाकतो. त्या चढाच्या पायथ्याशी बाउंड्री थ्रस्ट आहे. दोन भंगांमध्ये सापडलेल्या अशा लांबट सपाट खोऱ्यांना तिथं ‘दून’ म्हणतात. नेपाळातलं गेंड्यांचं चितवनही दूनच. हिमालयाचा अभ्यास करणारी वाडिया संस्था आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचं मुख्यालय, दोन्ही डेहराडूनला आहेत. म्हणजे मोजणारे स्वतःच सरकत्या जमिनीवर बसून मोजतात.

पर्वत उचलला जात असताना नद्या गप्प बसल्या नव्हत्या. धौलागिरी आणि अन्नपूर्णा या दोन आठ हजारी शिखरांच्या मधून काली गंडकी आरपार जाते. अरुण नदी तिबेटमध्ये उगम पावून एव्हरेस्ट आणि कांचनजंगा यांच्यामधून खाली येते. पर्वताच्या पलीकडे उगम पावून पर्वत कापत येणारी नदी पाहिली की प्रश्न पडतो: ही भिंत चढली कशी? ती चढलीच नाही. जमीन वर येत गेली तशी ती कापत गेली. कोसी तर मैदानात उतरल्यावर गाळाचा भला मोठा पंखा पसरते आणि त्यावर पात्र बदलत राहते. २००८ च्या ऑगस्टमध्ये नेपाळात कुसहा इथं बांध फोडून ती शंभर किलोमीटरहून अधिक पूर्वेला वळली आणि बिहारमधल्या लाखो लोकांच्या घरांत शिरली. बातम्यांत तो पूर होता. द्रोणीच्या हिशेबात तो गाळ वाटून देण्याचा नेहमीचा प्रकार.

सगळा गाळ मैदानात मावत नाही. उरलेला गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखातून बंगालच्या उपसागरात जातो आणि तिथं समुद्रतळावर सुमारे तीन हजार किलोमीटर लांबीचा पंखा झाला आहे, जगातला सगळ्यात मोठा. हिमालयाचा हरवलेला भाग शोधायचा तर श्रीलंकेच्याही दक्षिणेला जावं लागतं.

भंग सरकतो असं म्हणणं सोपं आहे, पण तो रोज थोडा थोडा सरकत नाही. भारताच्या पाच सेंटिमीटरपैकी सुमारे दोन सेंटिमीटर हिमालयाच्या वाट्याला येतात. वरच्या शंभरेक किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात भंग घट्ट जखडलेला असतो. तो दशकानुदशकं, कधी शतकानुशतकं ताण साठवतो आणि मग एका मिनिटाच्या आसपास काही मीटर सुटतो. १५ जानेवारी १९३४ च्या दुपारी तेच झालं. भूकंपाचं केंद्र पूर्व नेपाळात, एव्हरेस्टच्या दक्षिणेला होतं, पण विध्वंस बिहारमध्येही भयंकर झाला. मोतिहारी, सीतामढी, मधुबनीच्या पट्ट्यात पाण्यानं भरलेला गाळ हादऱ्यानं पातळ झाला, जमिनीतून वाळूचे फवारे उडाले आणि घरं तिरपी होऊन रुतली. डोंगरानं हलवलं आणि डोंगराच्याच गाळानं दगा दिला. दहा हजारांहून अधिक माणसं गेली. हा अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे असं गांधीजी म्हणाले आणि रवींद्रनाथांनी त्यावर जाहीर हरकत घेतली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले जॉन ऑडेन आणि त्यांचे सहकारी मात्र वाळूच्या पट्ट्याची मोजमापं घेत फिरत होते. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे हे थोरले बंधू.

त्या भूकंपात भंग भूपृष्ठापर्यंत फाटला होता का, यावर कित्येक दशकं वाद होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नेपाळच्या पायथ्याशी चर खणून ती फूट सापडली. तिथंच १२५५ सालच्या भूकंपाचीही खूण मिळाली. काठमांडूचा राजा अभय मल्ल त्या भूकंपात मरण पावला होता. २५ एप्रिल २०१५ च्या गोरखा भूकंपात काठमांडूचं खोरं जवळजवळ एक मीटर वर आलं, तर उत्तरेकडच्या उंच रांगा थोड्या खचल्या. सुमारे नऊ हजार लोक दगावले. फूट काठमांडूखालीच थांबली, मैदानाच्या काठापर्यंत आली नाही. दक्षिणेकडचा तो तुकडा अजून जखडलेला आहे.

दाबाचा हा सगळा कारभार चालू असताना तिबेटमध्ये मात्र उलटा प्रकार दिसतो. तिथं उत्तर-दक्षिण दिशेच्या खचदऱ्या आहेत, म्हणजे जमीन पूर्व-पश्चिम ताणली जाते आहे. सीमेलगत नेपाळातल्या मुस्तांगमधली थाक्खोला दरीही त्याच प्रकारची. जिथं दोन खंड एकमेकांना रेटत आहेत, तिथं ताण कसा? १९७५ साली पीटर मोल्नर आणि पॉल तापोनिये यांनी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून आशियातले लांबच लांब आडवे भंग जोडून पाहिले आणि दाखवलं की भारताच्या रेट्याखाली तिबेट आणि चीनचे तुकडे बाजूला, पूर्वेकडे निसटत आहेत. तापोनिये यांनी पुढं प्रयोगशाळेत प्लॅस्टिसिनच्या ठोकळ्यात कठीण ठोकळा दाबून तेच घडवून दाखवलं. पर्वताला वर जायला जागा अपुरी पडली की तो बाजूला पसरतो.

रेटा फक्त समोर जातो असंही नाही. तो मागं, भारताच्या पोटातही पोचतो.

कच्छ हे त्याचं नमुनेदार उदाहरण. गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटत असताना कवच ताणलं गेलं आणि कच्छमध्ये खचदरी तयार झाली. ज्युरासिक समुद्र तिच्यात शिरला, गाळ साचला, त्यात अॅमोनाइट गाडले गेले. पुढं भारत आशियाला भिडला आणि ताण संपून दाब सुरू झाला. खचण्यासाठी तयार झालेले जुने भंगच आता उलटे चालू लागले. खाली गेलेले थर वर यायला लागले आणि रणाच्या सपाटीवर काळा डुंगरसारख्या टेकड्या उभ्या राहिल्या. नवा भंग फोडण्यापेक्षा जुनाच वापरणं खडकाला सोपं जातं. १६ जून १८१९ च्या भूकंपात रणात ऐंशीएक किलोमीटर लांबीचा, काही मीटर उंचीचा उंचवटा उठला आणि त्याच्या दक्षिणेला सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. माणसांनी नदीवर घातलेल्या बांधांच्या तुलनेत लोकांनी त्याला अल्लाह बंद म्हटलं. चार्ल्स लायेल यांनी आपल्या भूशास्त्रावरच्या ग्रंथात ही हकीकत घेतली. एकाच झटक्यात डोंगराचा आरंभ आणि तळ्याचा आरंभ, असा नमुना त्यांना युरोपात मिळाला नसता. २६ जानेवारी २००१ ला भुज परिसर हादरला तोही अशाच एका भंगामुळं. त्यात सुमारे वीस हजार बळी गेले, तरी भंगाची फूट भूपृष्ठावर आली नाही.

याहून दक्षिणेला, दख्खनच्या पठारावर, अशा धक्क्याची फारशी अपेक्षा नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावं झोपलेली असताना, लातूर जिल्ह्यात किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं दगड-मातीच्या माळवदी घरांखाली गाडली गेली. तिथला भंगही चढणारा होता, म्हणजे दाबातून सरकलेला. नंतर तिथं भोक पाडलं तेव्हा बेसॉल्टचे थर तीनशे चाळीस मीटरच्या आसपास संपले आणि खाली प्राचीन खडक लागला. वरच्या लाव्ह्याच्या झाकणामुळं त्या खडकातल्या भेगा कोणाला दिसणार नव्हत्या. भूकंप झाला तेव्हा हा भाग देशाच्या भूकंप नकाशावर सर्वांत सुरक्षित मानलेल्या पहिल्या विभागात होता. २००२ सालच्या सुधारित आवृत्तीत तो तिसऱ्या विभागात गेला आणि पहिला विभाग नकाशावरून काढूनच टाकण्यात आला.